किटलीच्या चारी बाजू

कारखान्याच्या आराखडा विभागात तिला सगळे ‘पट्टी’ म्हणत, आणि तेही तोंडावर. तीस वर्षं तिने पंपांच्या सुट्या भागांचे आराखडे काढले: समोरून, वरून, बाजूने. रेघ केसभर हलली तरी कागद बाजूला टाकून नवा घ्यायची. निवृत्त झाली आणि दुसऱ्याच वर्षी तिच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. डॉक्टर म्हणाले, एका डोळ्यावर भागवावं लागेल, अंतराचा अंदाज हळूहळू येईल.

तो काही येईना. चहा कपात ओतायला जावं, तर धार बशीत. नवरा म्हणाला, मी ओतत जाईन; तिने त्याच्या हातून किटली काढून घेतली. मग ती टेबलाभोवती फिरायला लागली. किटली समोरून बघायची, मान वाकडी करून बाजूने, टाचा उंचावून वरून. चारी बाजू डोक्यात जुळल्या की मगच हात पुढे. पंधरा दिवसांत धार कपात पडायला लागली.

डोक्यात जुळवलेलं एकदा कागदावर मांडून बघावं असं तिला वाटलं, आणि ती रंग घेऊन आली. टेबलावर होतं तेच काढलं: किटली, अर्धं लिंबू, चष्मा, घडी घातलेलं वर्तमानपत्र. किटलीचं तोंड वरून दिसतं तसं गोल, पोट समोरून, चोच बाजूने, आणि सगळं एकाच वेळी. रंग दोनच, राखाडी आणि मातकट. नणंदेने चित्र बराच वेळ निरखलं आणि विचारलं, “वहिनी, किटली पडली होती का गं?” नवऱ्याने हसू दाबलं. दुसऱ्या दिवशी पट्टीने मोठा कॅनव्हास आणला आणि तीच किटली पुन्हा काढली.

वाचनालयात हौशी चित्रकारांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा नवऱ्याने तिला न विचारता ते मोठं चित्र नेऊन दिलं. त्यावरून घरात दोन दिवस अबोला. तिथे एका कलाशिक्षकांनी तिला गाठून सांगितलं की याला घनवाद म्हणतात, शंभर वर्षांपूर्वी मोठमोठे चित्रकार असंच काढत.

“मी कुणाशी वाद घालायला गेले नव्हते,” ती म्हणाली. “एका जागेवरून दिसेना, म्हणून फिरून बघितलं.”

शेवटच्या दिवशी कारखान्यातला जुना टर्नर आला, तिच्या आराखड्यांवरून लेथवर भाग घडवणारा. मापांवरून तिच्याशी त्याच्याइतकं कुणीच भांडलं नसेल. तो चित्रापुढे हात मागे बांधून उभा राहिला. मग म्हणाला, “बाई, यावरून मला किटली घडवता येईल. कान कुठे जोडायचा, ते बरोबर कळतंय.”

इतक्या वर्षांत त्याने तिचं काम बरोबर असल्याचं कधी कबूल केलं नव्हतं. चित्र उतरवायची वेळ झाली तेव्हा तिने ते त्यालाच देऊन टाकलं, उजेडाच्या भिंतीवर लाव म्हणाली, आणि नवऱ्याचा हात धरून पायऱ्या उतरली.