डाळ निवडणाऱ्या थोरल्या बाई

थोरल्या बाई वॉर्डात शिरल्या की आधी पेशंटकडे बघत नसत, आमच्याकडे बघत. नव्या माणसाला याचा राग यायचा. मलाही आला. आजारी माणूस खाटेवर पडलाय आणि ही बाई माझे डोळे काय तपासतेय? त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "खाटेवरचा आजारी हाय ते म्हाईत हाय मला. जो उभा हाय त्याचं बघू दे आधी."

लढाईची वर्षं होती. नगरजवळ भिंगारच्या बाजूला लष्कराच्या दवाखान्यात मी वॉर्डबॉय म्हणून लागलो. शिक्षण चौथीपर्यंत, तेही मास्तरांच्या दयेनं. आमच्या वॉर्डात जखम नसलेले शिपाई होते. हातपाय धड, पण माणूस ठिकाणावर नाही. कुणाची वाचा बसलेली, कुणी भांडं पडलं तरी खाटेखाली घुसायचा. डॉक्टरसाहेब सकाळी येऊन औषध सांगून जायचे. मग दिवसभर त्या शिपायांपाशी बसायचं, जेवू घालायचं, बोलतं करायचं ते आम्ही चार-पाच पोरांनी. आणि आमच्यावर नजर थोरल्या बाईंची. राहुरीकडच्या ख्रिस्ती घरातल्या, विधवा, नर्सचं काम करता करता केस पिकलेल्या. खरं नाव कुणी घेत नसे.

चहा झाला की त्या आम्हाला मागच्या ओट्यावर बसवत. स्वयंपाकघरातली तूरडाळ आणत आणि प्रत्येकाला एक ताट देत. डाळ निवडायची आणि निवडता निवडता आपापल्या पेशंटचं सांगायचं. आम्हा बाप्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेजारच्या वॉर्डातला इस्माईल जाता-येता विचारायचा, "काय सूनबाई, सासूनं आज किती डाळ दिली?" बाई त्याच्याच हातात ताट ठेवायच्या. "ये, धाकट्या सुने, तू बी बस." बसला की तोही बोलायला लागायचा. मान खाली आणि हात कामात असले की माणसाला खोटं बोलायचं सुचत नाही, हे मला फार पुढे कळलं.

सगळं सांगून झालं की बाई म्हणत, "हे त्याचं झालं. आता तुझं सांग."

माझ्याकडे अकोल्याकडचा भिवा होता. त्याचा धाकटा भाऊ सखा त्याच्याच पलटणीत, त्याच्या डोळ्यांदेखत गेलेला. भिवा कुणाच्या हातचं नीट खाईना. एक दिवस मी पेज घेऊन गेलो, तर माझ्याकडे बघत म्हणाला, "सख्या, आलास व्हय?"

मी म्हणालो, "आलो दादा."

आणि गडी जेवला की! डॉक्टरसाहेबांनी माझी पाठ थोपटली. मग रोज तेच. तो दादा, मी सखा.

ओट्यावर मी हे ऐटीत सांगितलं. बाईंची बोटं डाळीतून हलत राहिली.

"खंडू, तुला थोरला भाऊ हाय का रं?"

"हुता. पटकीच्या साथीत गेला."

"काय म्हनायचास त्याला?"

"दादा."

"मग आता भूक कुनाची भागतीया? त्याची का तुझी?"

मी ताट ढकलून उठलो. "तो जेवतोय न्हवं? मग झालं की!"

"जेवतोय. पर त्याची आई न्यायला येनार हाय. तो सख्याला संगं घेतल्याबिगर निघायचा न्हाई. तू जाशील का अकोल्याला, तिचा मेलेला लेक हुऊन?"

मी म्हणालो, "मग तुमीच सांगा त्याला."

"गाठ तू मारलीस, तूच सोड. मी दाराशी बसते."

दुसऱ्या दिवशी भिवाला सांगितलं, "दादा, मी सखा न्हाई. मी पारनेरचा खंडू." त्यानं थाळी माझ्या तोंडावर हाणली. भुवई फुटली. त्या दिवसापासून त्यानं अन्नाला शिवायचं सोडलं. मी बाईंना नको नको ते बोललो. बरा होत होता, तुमच्या शहाणपणानं मारताय त्याला, नोकरी सोडतो. बाई माझ्या भुवईला पट्टी बांधत होत्या. बांधून झाल्यावर म्हणाल्या, "मला शिव्या दे, चालंल. पर त्याच्यापाशी जाऊन बस. बोलू नगंस. तू पळालास तर त्याचा दुसरा भाऊ बी गेला."

बसलो. शिव्या खात बसलो. तो नुसत्या पाण्यावर होता आणि मीही नीट जेवत नव्हतो. बाई दाराशी होत्याच. एका दुपारी भिवानं माझ्या पट्टीला बोट लावलं.

"लई लागलं का रं?"

"लागलं की."

"नाव काय म्हनलास तुझं?"

"खंडू."

बोट तसंच ठेवून म्हणाला, "सखा गेला, खंडू." आणि हंबरडा फोडला. मी घाबरून दाराकडे बघितलं. बाई उठल्या नाहीत, आत आल्या नाहीत. तेव्हा समजलो की माझं चुकत नाहीये. संध्याकाळी त्यानं भाकरी मागितली, ती खंडूकडे. पुढे आई आली आणि तो तिच्याबरोबर आपल्या पायांनी घरी गेला.

लढाई संपली, वॉर्ड मोडला. बाईंना सोडायला मी स्टेशनवर गेलो. गाडीला उशीर होता. मनात होतं ते विचारून टाकलं.

"बाई, आमी सगळं तुमाला सांगितलं. तुमचं कोन ऐकतं?"

त्या म्हणाल्या, "आजवर कुनी इचारलं न्हाई, बाबा."

मग गाडी येईपर्यंत त्या बोलल्या. काय बोलल्या ते इथे लिहिणार नाही. गाडी आली तेव्हा पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "जड झालं का रं?"

"झालं."

"मग उरात ठिवू नगंस. नाव न घेता सांग कुनाला तरी."

माझं नवं लग्न झालेलं. घरी बायको भाकऱ्या थापत होती. चुलीपाशी बसून तिला सांगितलं. तिनं मधे न बोलता सगळं ऐकून घेतलं. पुढे सारी उमर दवाखान्यांतच गेली आणि जे जे जड झालं ते तिला सांगत आलो. म्हणून धड राहिलो. ही वाट बाईंनी दाखवली, त्यांचे उपकार कसे फेडू?

बायको गेल्या पौषात गेली. लोक येतात, चहा पितात, "सावरा" म्हणतात. माझं ऐकायला कुणी बसत नाही. लिहायची सवय नाही, हात दुखतो. पण जड झालंय. म्हणून आज तुम्हाला सांगितलं.