ओटीतलं हळकुंड

देवीवर माझी श्रद्धा होती, पण खरा भरवसा माझ्या याद्यांवर. गेल्या दसऱ्याला सासूबाईंना धरणापलीकडच्या देवीची ओटी भरायला होडीतून न्यायचं ठरलं, तेव्हाही आदल्या दिवशीच यादी झाली: शीड, वल्ही, दोर, लाइफ जॅकेटं, बूच. होडी छोटी, शिडाची; ह्यांनी निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेली. फेरी झाली की ती काठावर कलती करायची, मागच्या भोकाचं बूच काढून तळातलं पाणी जाऊ द्यायचं आणि निघताना बूच पुन्हा घट्ट बसवायचं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. पूजेला पाना, हातोडी, विळी मांडली, त्यांच्याशेजारी ते पितळी बूचही घासूनपुसून ठेवलं. हळदकुंकू वाहिलं आणि यादीत त्याच्यापुढे खूण केली. दुसऱ्या दिवशी बूच कोल्हापुरात आमच्या देवघरात आणि आम्ही तिघं भर पाण्यात!

पाय ओले झाले तेव्हा आठवलं. वारा पडलेला, काठ लांब. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पोहता येत नाही. नऊवारीवर बसेना म्हणून जॅकेट मांडीवर आणि त्यावर ओटीचं ताट. ह्यांनी भोकात रुमाल कोंबला, तो पाण्याच्या जोरानं परत आत आला. मी डब्यानं पाणी उपसत सुटले. उपसावं तेवढं येतच होतं. माझ्या हातून ह्या दोघांचं काही बरंवाईट झालं तर, एवढंच मनात. "आई अंबाबाई" कधी म्हणायला लागले, कळलं नाही.

तेवढ्यात वळणाआडून टायरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळी काढणारे एक चाचा आले. पाण्यात हात घालून त्यांनी होडी चाचपली.

"अवं पावणं, बूच कुठं हाय?"

"देवघरात," हे म्हणाले.

"आं? देवघर गळतंय व्हय?"

त्या प्रसंगातही सासूबाई हसल्या. चाचा म्हणाले, "भाईरनं कायतरी ठोकाय पायजे. आतनं न्हाय टिकायचं."

सासूबाईंनी ओटीतलं जाडजूड हळकुंड उचललं.

"आई, ओटीतलं काढू नये."

"मग काय तळाशी जाऊन भरू, व्हय गं?" म्हणत त्यांनी खणाचा कोपरा दातानं फाडून त्याभोवती गुंडाळला.

"ताई, उपसायचं थांबा," चाचा मला म्हणाले. "होडी हालतीया, भोक घावंना."

पाणी पोटऱ्यांना लागलेलं आणि गप्प बसायचं! आयुष्यात याहून अवघड काम मी केलेलं नाही. हात थांबवले, डोळे मिटले. चाचांनी हळकुंड बाहेरून भोकात बसवून वल्ह्याच्या दांड्यानं दोनचार ठोके घातले. पाणी थांबलं.

मग उरलेलं पाणी निवांत उपसलं. चाचा काठापर्यंत सोबत आले. चहालाही थांबले नाहीत. "जाळी ऱ्हायल्यात," म्हणाले आणि गेले.

देवळात सासूबाईंनी ओटी भरली. "आई, एक हळकुंड नि खणाचा कोपरा तू मघाशीच घेतलास. बाकीचं आता घे."

चाचा नेमके तेव्हाच कसे आले, हे मी शोधत बसत नाही. त्यांना आणि तिला, दोघांनाही मनोमन नमस्कार करते. याद्या अजून करतेच. पण त्या दिवशी एवढं शिकले, की हात जोडायचे तर हातातला डबा आधी खाली ठेवावा लागतो.