भिंतीपलीकडचा ओटीपी

गेमच्या कंपनीने नोटीस काढली तेव्हा धान घरात येऊन पडलं होतं आणि थंडी चांगली झोंबायला लागली होती. नोटीस अशी की आमचा गेम आता थेट उघडणार नाही. दुसऱ्याच एका कंपनीचा लाँचर आधी कॉम्प्युटरवर घ्यायचा, त्यात लॉगिन करायचं आणि मग त्याच्या परवानगीने आपल्याच गेममध्ये शिरायचं. जुनं खातं महिनाअखेरपर्यंत त्या लाँचरला जोडलं नाही, तर ते कायमचं बंद.

आमच्या टीमच्या ग्रुपवर बोंबाबोंब सुरू झाली. जबलपूरच्या गड्याने लिहिलं, ये लोग हमारा डाटा बेच देंगे. दुसऱ्याच्या जुन्या कॉम्प्युटरचा पंखा लाँचर टाकल्याबरोबर पिठाच्या गिरणीसारखा घुमायला लागला. एकाने बहिष्कार टाकू म्हटलं, त्याला बाकीच्यांनी अंगठे दाखवले आणि संध्याकाळी सगळे गुपचूप लाँचर उतरवत बसले. मीही ग्रुपवर तावातावाने लिहिलं. खरं सांगायचं तर डाटाची मला काडीचीही चिंता नव्हती. माझा डाटा म्हणजे सातबारा आणि बैलांचे फोटो, विका म्हणावं.

माझी भीती वेगळीच होती. खातं जोडायला ओटीपी लागणार होता. माझा ओटीपी माझ्या मोठ्या भावाच्या मोबाईलवर जाणार होता आणि मोठ्या भावाशी माझा अबोला होता.

आम्ही दोघांनी खाती उघडली ती मोहाडीला, बाजाराच्या दिवशी, तहसील ऑफिसच्या मागच्या नेट कॅफेत. शेजारी शेजारी बसलो होतो. मी माझा नंबर टाकायला लागलो तशी त्याने माझी पाठ थोपटली. ''तुया नंबर नको टाकू. तू सिम हरवून बसशीन. माया टाक.''

''मंग तुयात माया टाक,'' मी म्हणालो. त्यात काही डोकं नव्हतं, नुसती बरोबरी होती. तो हसला आणि त्याने टाकला. माझं सिम आजवर हरवलं नाही, हेही इथे सांगून ठेवतो. पुढे गेम आपोआपच उघडायचा, त्यामुळे कोणाचा नंबर कुठे आहे याची आठवण काढायची कधी वेळच आली नाही.

भांडण झालं गेल्या रोवणीत, धानाचं रोप लावायच्या दिवसांत. बायांची टोळी पहिल्या दिवशी माझ्या बांधीत, माझ्या धानाच्या खाचरात, लागायची, असं घरात बसून ठरलं होतं. तलावाचं पाणी आधी त्याच्या बांधीत उतरलं आणि त्याने मला न विचारता टोळी तिकडे वळवली. माझे पऱ्हे वाफ्यातच वाढून बसले, रोपाचं वय गेलं. मी शेताच्या धुऱ्यावर उभा राहून ओरडलो. तो चिखलातूनच, सगळ्या बायांसमोर म्हणाला, ''आजपासून तुया-माया रस्ता अलग.'' पोळ्याच्या आत घराच्या मधल्या खोलीत विटांची भिंत उभी राहिली. चूक त्याची होती. आजही माझं म्हणणं हेच आहे.

भिंत घातली, पण छप्पर एकच राहिलं. भिंतीच्या वर, छपराच्या कवेलूखाली हातभर मोकळी जागा होती आणि तिथून पलीकडचं सगळं ऐकू यायचं. त्याचा खोकला, वहिनीच्या फोडणीचा आवाज, त्याच्या खुर्चीची करकर. माझी बायको आणि वहिनी आमच्या अबोल्याला जुमानत नव्हत्या. भाजीच्या वाट्या अंगणातून इकडून तिकडे रोज जायच्या. आम्ही दोघे मात्र रस्त्यात समोरासमोर आलो की एक तलावाकडे बघायचा आणि दुसरा मोबाईलकडे.

राहिला तो गेम. टीम कोणीच सोडली नाही, कारण जो सोडेल त्याने हार मानली असं दिसलं असतं. रोज संध्याकाळी आम्ही भिंतीच्या दोन बाजूंना हेडफोन लावून बसायचो आणि एकाच किल्ल्याची राखण करायचो. पूर्वी आम्ही त्यात आपल्या बोलीत बोलायचो. तो मला बाबू म्हणायचा, आमच्याकडे धाकट्याला म्हणतात तसं. अबोल्यानंतर तो माझ्याशी हिंदीत बोलायला लागला. ''भाई, पीछे देखो.'' ''भाई, गेट संभालो.'' जबलपूरच्या गड्याशी बोलावं तसं, नीट, परक्यासारखं. त्याचा आवाज आधी भिंतीवरून यायचा आणि क्षणभराने हेडफोनमधून. मी हिंदीतच उत्तर द्यायचो. मला राग यायचा, आणि तरी सकाळपासून मी त्या 'भाई, पीछे देखो'ची वाट बघत असायचो. तेवढंच उरलं होतं. खातं बंद झालं की तेही जाणार होतं.

दिवस सरकत होते. रोज खेळ संपला की जबलपूरवाला विचारायचा, ''दोनों भाइयों ने लाँचर जोडा क्या?''

''हो जाएगा,'' भाऊ म्हणायचा.

''हो जाएगा,'' मी म्हणायचो.

त्याला काय अडचण आहे हे मला माहीत होतं आणि माझी त्याला. नंबर बदलायचा तरी आधी जुन्या नंबरवरचाच ओटीपी लागत होता. कंपनीला मी मेल टाकला, त्याचं उत्तर आलं की आपली तक्रार आम्हाला मोलाची आहे.

बायको एकदा वैतागली. ''अजी, पलीकडं जाऊन आकडे मांगाले काय लाज वाटते तुमाले? मी आणू का वहिनीकडून?''

''तू मधात पडू नको,'' मी खेकसलो.

''मंग बसा दोघंही कोंबड्यासारखे मान ताणून,'' ती म्हणाली आणि सूप उचलून अंगणात गेली. बायकांच्या हातून आलेला कोड मला नको होता. त्याने मागावा, किंवा निदान 'पाहिजे काय' असं विचारावं. मी बटण दाबलं असतं तर त्याच्या मोबाईलवर मेसेज वाजला असता आणि मी आधी हात पसरला हे त्याला कळलं असतं. म्हणून मी बटणाला हात लावला नाही.

शेवटचा दिवस उजाडला. शेतात माझं लक्ष लागेना. बैलाला पाणी दाखवायचं विसरलो, बायकोचं काय ते ऐकून घेतलं. दिवस कलला तसा कॉम्प्युटर सुरू करून बसलो. पडद्यावर लाँचरची चौकट, तिच्यात कोडसाठी मोकळी जागा. पलीकडे त्याच्या कॉम्प्युटरचा पंखा घुमत होता. खुर्ची करकरली. त्यापुढे काही नाही.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. कोड होता, खाली लिहिलेलं, हा कोणालाही सांगू नका.

माझ्या मोबाईलवर फक्त त्याच्याच खात्याचा कोड येऊ शकत होता. म्हणजे त्याने त्याचं दाबलं होतं. आता मागेल, मी मनाशी म्हटलं. मागू दे. एकदा तोंड उघडू दे. मी कवेलूखालच्या मोकळ्या जागेकडे बघत बसलो. आवाज आला नाही. कोडची मुदत संपली.

परत मोबाईल वाजला. नवा कोड. तोही संपला. मग पुन्हा एक.

आता मी घाबरलो. ग्रुपवर सगळ्यांनी बजावून ठेवलं होतं की कोड सारखा मागवला तर खातं लॉक होतं, मग कोणाचा बाप आला तरी उघडत नाही. त्यालाही हे ठाऊक होतं. हा माणूस असा वेड्यासारखा का दाबून राहिला? एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं, मध्ये भिंत ती काय, तिच्यावरून त्याचं जांभई देणंसुद्धा मला ऐकू येत होतं.

मोबाईल हातात थरथरला. आणखी एक. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. दुसऱ्याच्या दारात उभं राहून माणूस हाक मारत नाही, तेव्हा कडी वाजवतो. माझा भाऊ इतका वेळ माझी कडी वाजवत होता, आणि मी आत बसून ऐकत होतो.

भिंतीवरूनच आकडे ओरडून सांगावे म्हणून मी तोंड उघडलं. ते मिटून घेतलं. मग उठलो. चप्पल न घालता अंगणात आलो, थंडगार जमिनीवरून त्याच्या दाराकडे वळलो. वहिनी उंबरठ्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ताट घेऊन बाजूला झाली.

तो पाठमोरा बसला होता. त्याने हेडफोन लावलेच नव्हते, ते टेबलावर पडले होते. त्याच्या पडद्यावरही तीच चौकट, तीच मोकळी जागा. आणि कीबोर्डजवळ त्याचा मोबाईल तांब्याला टेकवून उभा ठेवलेला, स्क्रीन त्याच्याकडे. तो वाट बघत होता माझ्या खात्याच्या कोडची, जो त्याच्याच मोबाईलवर यायचा होता. आणि मी माझं बटणच दाबलं नव्हतं.

''लिही,'' मी म्हणालो, आणि आकडे वाचले.

त्याने मागे वळून पाहिलं नाही. एकेक आकडा बोटाने शोधत टाकला. चौकट लाल झाली. मी दारापर्यंत येईस्तोवर कोडची मुदत संपली होती.

''जुना झाला,'' तो म्हणाला. किती दिवसांनी तो माझ्याशी आपल्या बोलीत बोलला होता. त्याने बटणाकडे हात नेला.

''आता दाबू नको. लॉक झालं तं?''

''होऊ दे,'' तो म्हणाला, आणि टेबलाखालचं स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं. ''बस, बाबू.''