बांधण्याआधीची बिल्डिंग

साइटवर काही गोष्टी आपोआप साठत जातात. फुटक्या टाइल्स, तुटकी घमेली आणि किस्से. टाइल्स आणि घमेली ट्रॅक्टरमध्ये भरून फेकता येतात. किस्से कोणी उचलून नेत नाही, म्हणून मीच सांगत सुटते. ऐकताना हातातला चहा खाली ठेवा. मागच्या वेळी माझ्या मैत्रिणीच्या नाकातून आला होता!

साइट लाखनीजवळ, हायवेच्या कडेला. मुलींच्या वसतिगृहाची. माझं काम पत्र्याच्या खोलीत बसून अख्ख्या इमारतीचं कॉम्प्युटर मॉडेल सांभाळायचं. भिंत, दार, पाइप, वायर, सगळं त्यात असतं. दारावर क्लिक केलं की ते केवढं, कशाचं, कोण बसवणार, सगळी माहिती समोर येते. एकाने काही बदललं की सगळ्यांना कळतं. निदान कळावं अशी अपेक्षा असते.

मला पाठवतानाच नागपूरच्या साहेबांनी अट घातली होती. मेसच्या विंगचं काम जोत्यावर येईपर्यंत साइटची माणसं मॉडेल वापरायला लागली नाहीत, तर खोली बंद आणि मी नागपूरला परत. नागपूरला माझ्या टेबलावर काय, दिवसभर नकाशात खिडक्या काढत बसायचं. इथे एकोडीला माझं घर, संध्याकाळी आईच्या हातचं जेवण. मला अजिबात परत जायचं नव्हतं.

* * *

पहिला सामना गिऱ्हेपुंजेकाकांशी झाला. हे आमचे मुख्य मिस्त्री. मी त्यांना सन्मानाने खुर्चीवर बसवलं आणि मॉडेल सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवलं. छत उघडलं, मजले वेगळे केले, परत जोडले. काकांनी टोपी मांडीवर ठेवून शांतपणे सगळं पाहिलं.

मग म्हणाले, "बांधली का दिसनच ना बाई. आतापासून कायले पाहाची?"

माझ्याकडे मॉडेलचे फायदे सांगणारं भलंमोठं प्रेझेंटेशन तयार होतं. या प्रश्नाचं उत्तर त्याच्या एकाही पानावर नव्हतं.

* * *

वसतिगृहाच्या होणाऱ्या अधीक्षिका मॉडेल पाहायला आल्या, तो दिवस तर मी विसरूच शकत नाही. या सॉफ्टवेअरमध्ये तयार माणसं मिळतात. जिना केवढा, दार केवढं याचा अंदाज यावा म्हणून ती उभी करायची. मी पहिल्या मजल्यावर एक गोरा, कोटवाला, हातात कॉफीचा कप असलेला माणूस उभा केला होता.

बाई खोल्या बघेनात, बाथरूम बघेनात. त्यांचं बोट त्या माणसावर. हा कोण आणि याला आत कोणी सोडलं? मी सांगितलं, फक्त उंचीच्या अंदाजासाठी आहे. त्यावर त्यांनी विचारलं की मुलींच्या वसतिगृहात उंची मोजायला एखादं बाईमाणूस मिळालं नाही का. पाऊण मीटिंग त्या कोटवाल्यावर गेली.

मी त्याला डिलीट केलं आणि बायका शोधायला लागले. एकीचा झगा आखूड, दुसरी कुत्रा घेऊन, तिसरी धावत सुटलेली. शेवटी एक छत्रीवाली म्हातारी सापडली. अंगभर कपडे, चेहऱ्यावर शिस्त. मी मोठ्या समाधानाने तिला पहिल्या मजल्यावर उभं केलं.

बाईंनी चष्मा सारखा केला. "हे आतमंधी छत्री धरून काहून उभी आहे जी? तुमचा स्लॅब गळन काय?"

* * *

आता लांजेवार आणि हत्तीमारे. लांजेवार इलेक्ट्रिशियन, हत्तीमारे प्लंबर. मॉडेलचा सगळ्यात मोठा उपयोग या दोघांसाठी. पाइप आणि वायरचा ट्रे एकाच जागी येत असले की मॉडेल ती जागा लाल करतं. मग दोघांना बसवायचं, चहा पाजायचा आणि कोण बाजूला होणार ते ठरवायचं. साधारणपणे इथे हमरीतुमरी होते.

आमच्याकडे एकदाही झाली नाही. लाल दिसलं की हत्तीमारे लगेच म्हणायचे, माझा पाइप वाकवा. दर वेळी! मी साहेबांना फोन करून कळवलं की आमचा प्लंबर म्हणजे देवमाणूस आहे.

एक दिवस मी पाइपांचे उतार तपासले, तर संडासाचा पाइप ट्रेला वळसा घालून चक्क वर चढत होता. पाणी वर कसं जाणार? मी हत्तीमारेंना बोलावून विचारलं. ते हळूच म्हणाले, "लांजेवार आमचे जावई होत ना मॅडम. जावायाले वाकवाचं कसं?"

हत्तीमारेंची थोरली बहीण लांजेवारांना दिली होती, आणि आमच्याकडे बहिणीचा नवराही जावईच. साळ्याने जावयाला वाट सोडायची, ही आमच्याकडची रीत. ती स्लॅबखालीही चालू होती! मी लांजेवारांना समजावलं, वायर कुठूनही नेता येते, घाणीला उतारच लागतो. सासरच्या माणसापुढे माघार घ्यायची म्हणजे काय, हे मला कळणार नाही असं त्यांचं म्हणणं पडलं.

शेवटी मी त्यांच्या घरी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

"अहो, मान घरी येऊन घ्या. संडासाचं पाणी आधी जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी लांजेवारांनी पहिला ट्रे बाजूला घेतला. हत्तीमारेंनी त्याच जागी, शिडीवर उभं राहून, जावयाच्या खांद्यावर मानाचा नवा दुपट्टा टाकला. त्यानंतर सगळे पाइप उतारानेच गेले.

* * *

मुलगी नेमकं करते तरी काय, हे बघायला एकदा बाबा एकोडीहून आले. कापणी थोडी बाकी होती, तरी आले. मी त्यांना सगळी इमारत फिरवून दाखवली. ते कौतुकाने पाहत होते. मग म्हणाले, जरा मागं घे. मी मागे घेतलं. अजून मागं. अजून घेतलं. वसतिगृह सुपारीएवढं झालं, तरी बाबा आपले स्क्रीनवर वाकून शोधतायत.

"एवढी मोठी बिल्डिंग दिसते, अन् आपलं घर नाही दिसत?"

मला फार वाईट वाटलं. दुपारच्या सुट्टीत मी वसतिगृहाच्या मागच्या मोकळ्या जागेत आमचं घर काढलं. कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छप्पर, पडवी, गोठा. फोटो काढून बाबांना पाठवला. बाबांनी तो एकोडीभर दाखवला. घर मात्र मॉडेलमधून काढायचं राहून गेलं आणि सगळं तसंच नागपूरला गेलं.

नागपूरच्या ऑफिसात मॉडेलमधून सामानाची मोजणी होते. चार दिवसांनी खरेदी विभागातून फोन आला. या बनावटीचे कवेलू नागपुरात मिळत नाहीत, पर्याय चालेल का? आणि दुसरं, गोठ्याला दार दाखवलेलं नाही, तरी कृपया खुलासा करावा.

मी खुलासा करायच्या आत गोष्ट साहेबांच्या कानावर गेली होती. ते फोनवर ओरडले नाहीत, फक्त म्हणाले की मी येऊन बघतो.

* * *

आणि साहेब आले कधी, तर मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि रात्रभर नाटक चालतं. साइटवरच्या निम्म्या माणसांचं गाव एकच, आणि मंडई तिथलीच. नाटकात गिऱ्हेपुंजेकाका राजा. माइक दगा देऊ नये म्हणून माझ्या खोलीतला इन्व्हर्टर नाटकाला गेला होता, सकाळी परत आणण्याच्या बोलीवर. नाटक उजाडल्यावर संपलं. इन्व्हर्टर अजून वाटेत, ट्रॅक्टरवर होता. आणि लाइन गेलेली.

साहेबांनी काळ्या स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे मॉडेल इथे कोणी वापरत नाही, असंच ना?"

माझ्या डोळ्यांसमोर नागपूरच्या खिडक्या दिसायला लागल्या. तेवढ्यात काका दारात आले. डोळे तारवटलेले, कानामागे रंग तसाच.

"चला साहेब, मी दाखवतो."

ते साहेबांना मेसच्या विंगकडे घेऊन गेले. तिथे नुसतं जोतं झालं होतं. सपाट जमीन, कोपऱ्यांत उभ्या सळया आणि वर आकाश. काकांनी हवेतलं दार उघडून धरलं. साहेब हसले आणि खिशातले हात न काढता आत शिरले. काकांनी त्यांना ताटं घ्यायची जागा दाखवली. हत्तीमारेंनी हात धुवायच्या नळांची रांग दाखवली, लांजेवारांनी पंख्यांची बटणं. एकालाही आठवायला थांबावं लागलं नाही, आणि हे सगळं त्यांनी फक्त माझ्या स्क्रीनवर पाहिलेलं होतं. साहेबांचे हात खिशातून बाहेर आले. एका कोपऱ्यात जाऊन त्यांनी खिडकी कुठे उघडते ते विचारलं, दुसरीकडे गॅसची टाकी. मग म्हणाले, धान्याची कोठी कुठे आहे?

"पलीकडं जी. जिन्याखालून जा लागते," काका पुढे होत म्हणाले. "डोकं सांभाळजा."

काका वाकले. साहेब तर सहा फुटांच्या वर, ते चांगलेच वाकले. मागोमाग लांजेवार वाकले, हत्तीमारे वाकले, आणि मीसुद्धा ओढणी सावरत वाकले.

पलीकडे गेल्यावर साहेब सरळ झाले. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, वळून मागे वर बघितलं आणि मला म्हणाले, "मॅडम, मॉडेलमध्ये हा जिना जरा वर घ्या. माझं डोकं थोडक्यात वाचलं."