दोन घरं मागे फिरवलेला तारखेचा शिक्का

माझी सून साताऱ्यात घरी बसून कॉम्प्युटरचं काम करते. गेल्या दिवाळीत तिनं घरातले जुने फोटो स्कॅन केले. सगळ्या फायलींवर त्याच दिवसाची तारीख पडली, म्हणून तिनं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. फोटोमागे पेनानं लिहिलेली जुनी तारीख टाकायची, बटण दाबायचं, की फायलीची तारीख बदलते. मी विचारलं, "अशी बदललेली तारीख नंतर कुणाला ओळखू येते का?" ती म्हणाली, "बाबा, नुसतं बघून नाही कळत. पण बदलणाऱ्याचं कुठंतरी काहीतरी विसरतंच." माझं काय विसरलं होतं ते मला ठाऊक होतं.

एकोणीसशे सत्तरनंतरची काही वर्षं मी सांगलीच्या एका सरकारी कचेरीत आवक कारकून होतो. बाहेरून येणारा प्रत्येक कागद खिडकीत माझ्या हातात पडायचा. मी त्यावर तारखेचा शिक्का मारायचा, आवक नोंदवहीत चढवायचा, नंबर द्यायचा आणि आणणाऱ्याला पोच द्यायची. शिक्क्यावर रबरी आकड्यांची पट्टी होती. रोज सकाळी आल्यावर ती एक घर पुढे सरकवायची, हे माझं पहिलं काम. पुढेपुढे ते बोटंच करायची, बघावं लागत नसे.

हे काम मला हेडक्लार्क अण्णांनी शिकवलं. नोकरीही त्यांच्याच शब्दावर लागली होती. त्यांनी एक रीत घालून दिली होती: दिवसाच्या शेवटी नोंदवहीत एक ओळ आणि एक नंबर कोरा सोडायचा. "जतहून, आटपाडीहून माणूस येतो. एसटी पंक्चर होते. साडेपाचला दारात उभा राहतो बिचारा. त्याचा दिवस बुडवायचा का आपण?" शनिवारी दुपारी न वापरलेल्या ओळींवर लाल शाईनं रेघ मारायची. मला ही रीत फार आवडली होती. अण्णा मला देवमाणूस वाटायचे.

त्याच सुमारास माझा एक मित्र फौजेतून घरी आला. आष्ट्याच्या बोर्डिंगात आम्ही पाच वर्षं एका खोलीत काढली होती. तो पूर्वेकडच्या दुष्काळी भागातला, घरचं सगळं मेंढरांवर. आई, बायको, दोन पोरं वर्षातले आठ महिने मेंढरांमागे चालायची. लढाईत पायात छर्रे घुसल्यानं त्याला आता तेवढं चालवत नव्हतं. माजी सैनिकांसाठी सरकारी पड जमिनीचा एकच तुकडा निघाला होता, आणि ज्याचा अर्ज आधी त्याचा विचार आधी, असा नियम होता. गुरुवारी सकाळीच तो खिडकीत आला. मी त्याला नोंदवही फिरवून दाखवली. त्या जमिनीसाठी त्याच्याआधी एकही अर्ज नव्हता.

"तूच पहिला," मी म्हणालो.

"आता म्हातारी एका जागी निजंल गड्या," तो म्हणाला.

शुक्रवारी कचेरी सुटताना अण्णा एक अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी आले. "परवा बुधवारी येऊन गेला हा माणूस. शिपायानं दार लावून घेतलेलं. त्या दिवसाची ओळ कोरी आहे ना? घे त्यात." विषय वाचून माझा हात थांबला. जमीन तीच होती. "अरे, आत तर घे. ठरवायचं ते साहेब ठरवतील," अण्णा म्हणाले. मी पट्टी दोन घरं मागे फिरवली, बुधवारचा शिक्का मारला आणि कोरी ओळ भरली. माझा अण्णांवर विश्वास होता, हे खरं. मी त्यांना आणखी एक प्रश्न विचारू शकलो असतो, हेही खरं.

पट्टी पुन्हा जागेवर आणायची मात्र राहून गेली. शनिवारी सकाळी बोटांनी सवयीनं तिला एक घर पुढे सरकवलं. शिक्क्यावर गुरुवारची तारीख आली.

खिडकीत पहिला माझा मित्रच होता. त्याच्याकडून फौजेतून सुटल्याच्या डिस्चार्ज बुकाची नक्कल मागवली होती, ती द्यायला आला होता. मी शिक्का मारला, पोचेवर मारला, खाली पेनानं शनिवारची तारीख घालून सही केली. पोच खिशात घालून तो चहाला गेला. पुढच्या माणसाच्या कागदावर शिक्का उठला तेव्हा माझं लक्ष गेलं. मी घाईनं पट्टी फिरवत होतो, ते अण्णांनी पाहिलं. त्यांना मी सगळं सांगितलं.

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "तो अर्ज माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा आहे. ती पोच परत आण. शनिवारी गुरुवार उठला म्हणजे शुक्रवारी शिक्का कुठं होता, हे शेंबडं पोरही सांगेल."

"पण अण्णा, तुम्हीच सांगितलंत—"

"मी? शिक्का कुणाच्या ताब्यात असतो? नोंदवहीत अक्षर कुणाचं आहे?"

हा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. बुधवारी कुणी येऊन गेलंच नव्हतं. शिपायाला मी नंतर विचारलं.

मी उठलो आणि समोरच्या हॉटेलात गेलो. मित्र मिसळ खात होता. पोच त्यानं टेबलावरच ठेवली होती.

"ये की. आरं, आज शनवार, आन् तू बेस्तरवार छापलास. सरकारचं घड्याळ उलटं फिराय लागलं व्हय?"

"चूक झाली. दे इकडं, दुसरी देतो."

"ऱ्हाऊ दे की. तुझं अक्षर हाय न्हवं खाली? मला चालतंय."

"दे रे. उद्या तुलाच त्रास होईल."

"बरं बाबा. कारकुनाशी कोण वाद घालणार!" त्यानं हात धोतराला पुसले आणि पोच माझ्या हातात दिली. नवी देईपर्यंत जिन्यात थांबला. जुनी मी फाडून टाकली.

जमीन अण्णांच्या मेहुण्याला मिळाली. मित्रानं तक्रार केली, साहेबांनी त्याला आणि मला समोर उभं केलं. त्यानं गुरुवारी पाहिलेल्या नोंदवहीचं सांगितलं, पोचेचं सांगितलं.

"कुठं आहे ती पोच?"

तो माझ्याकडे वळला. "ह्यांनी परत घेतली, साहेब."

साहेबांनी मला विचारलं. अण्णा दारात फायली घेऊन उभे होते. मी म्हणालो, "मला आठवत नाही."

त्यानं टोपी घातली आणि लंगडत जिना उतरला. त्याची आई पुढे मेंढरांमागे चालतानाच गेली, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. अण्णांनी त्या वर्षी माझ्या गोपनीय अहवालात 'विश्वासू' असा शेरा लिहिला आणि लिहिल्याचं मुद्दाम मला सांगितलं.

दिवाळीनंतर मी पलूसला गेलो. तो मित्र आता तिथं लेकीकडे असतो. ऐकू कमी येतं, म्हणून मला ओरडून सांगावं लागलं, आणि लेक चुलीपुढून ऐकत होती.

सगळं ऐकून तो म्हणाला, "शिक्क्याचं मला तवाच उमगलं हुतं. एकच सांग. हाटेलात पोच मागितलीस, तवा तुला म्हाईत हुतं?"

"होतं."

मी विचारलं, लिहून काढू का सगळं, तुझ्या नावानिशी.

"लिव्ह. पर माझं नाव घालू नगंस. गाव म्हणंल, येड्यानं सोताच्या हातानं पोच दिली."

लेकीनं चहाचं आधण ठेवलं होतं. त्यानं तिला हातानं थांबवलं. मी उठलो.

म्हणून इथं कुणाचंच नाव नाही. त्याचा अर्ज गुरुवारी आला होता, आणि त्याच्याआधी कुणाचाही आला नव्हता.