हरसूलच्या पुढे, केनला घेऊन

अख्ख्या देशातून माणसं अस्थी घेऊन नाशिकला येतात ती रामकुंडासाठी. मार्गरेट थेट ऑस्ट्रेलियातून आली, आणि मी रामकुंडाचं नाव काढल्यावर म्हणाली, "तिथे नाही. त्याने शेत सांगितलंय."

देवळाली कॅम्पातल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर तिने बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा ठेवला होता. झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी. आत केन. सगळा नव्हे, बाकीचा त्यांच्या गावच्या दफनभूमीत आहे. डब्यात होती मूठभर राख, आणि ती कुठे टाकायची हे केनने जाण्याआधी बायकोला, मार्गरेटला, पुन्हा पुन्हा बजावलं होतं. हरसूलच्या पुढच्या एका पाड्यावर, पारूबाईच्या राबात.

"राब म्हणजे काय ते मला कधीच नीट कळलं नाही," मार्गरेट म्हणाली. "पण तू तेव्हा त्याच्याबरोबर होतीस. तू घेऊन चल."

मी हो म्हटलं, पण धास्तावूनच. कारण राब म्हणजे काय ते मला चांगलंच माहीत होतं. डोंगराकडची माणसं उन्हाळ्यात शेताच्या एका तुकड्यावर शेण, झाडाचा टहाळ, पालापाचोळा, गवत असं थरावर थर रचतात, वर माती पसरतात आणि पेटवतात. त्या राखेत भाताचं बी टाकायचं, पाऊस लागला की रोपं काढून खाचरात लावायची. वर्षभराचं अन्न त्या तुकड्यावर उभं असतं. तिथे मेलेल्या माणसाची राख टाकू द्या, असं एखाद्या शेतकरणीला कोणत्या तोंडाने सांगायचं?

आणि तीही पारूबाईला. तिचाच राब केनने एकदा विझवला होता.

ते आधी सांगते. नव्वदच्या दशकात मी कॉलेजात होते. एक परदेशी गट पाड्यावर दगडी बांध घालायला आला होता, आणि मी त्यांची दुभाषी म्हणून गेले होते. केन वयाने माझ्या वडिलांएवढा. काका म्हटलं की हसायचा, म्हणून केनच म्हणायचे. गहू आणि मेंढ्यांची शेती, आणि गावच्या आग विझवणाऱ्या पथकात स्वयंसेवक. त्यांच्याकडे म्हणे सरकारी बंब यायला वेळ लागतो, म्हणून शेतकरीच पथक चालवतात. पगार नाही, काही नाही. भोंगा झाला की हातातलं टाकून पळायचं.

तर पाड्यावरच्या पहिल्याच सकाळी केनला धूर दिसला. चहाचा कप तसाच टाकून हा गडी धावला. ओलं पोतं कुठून उचललं कोण जाणे. पारूबाई आणि तिचा नवरा सोमा "अरे अरे" करत मागे धावतायत, आणि हा धपाधप पोतं हाणतोय, हंड्यातलं पाणी ओततोय. आग विझली. घामाघूम होऊन, हसत तो आमच्याकडे वळला. पाणी पडून चिखल झालेला राब बघत पारूबाई खाली बसली होती. सबंध हिवाळाभर डोक्यावरून आणलेला टहाळ होता तो.

काय केलंय हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिलाय. परत पाहायला नको. त्या दिवसापासून गट बांधावर आणि केन सोमाबरोबर जंगलात. टहाळाचे भारे डोक्यावर घेऊन उतरायचा, दोनदा तर भाऱ्यासकट घसरला. राब पुन्हा रचला, पुन्हा भाजला. आणि तेव्हापासून बरीच वर्षं, दर मे महिन्यात केन येत राहिला. स्वतःच्या खर्चाने, एकटा. पाड्यावर चढणारा वणवा अडावा म्हणून गवत कापून, जाळून पट्टे काढायचं काम त्याने आणि गावकऱ्यांनी मिळून लावून धरलं. मग गुडघे गेले आणि येणं थांबलं.

माझ्यासाठी गोष्ट इथे संपत होती. मार्गरेटची बाजू मला गाडीत कळली.

ज्यांना या बाजूला जायचंय त्यांच्यासाठी सांगते. नाशिकहून गिरणारे, मग वाघेऱ्याचा घाट आणि हरसूल असा रस्ता धरा. सकाळी लवकर निघा, मे महिन्यात दहानंतर डोंगर तापतो. पेट्रोल नाशकातच भरा. नाश्ता गिरणाऱ्यात उरकून घ्या. मिसळ झणझणीत आहे आणि पावाला हात आखडत नाहीत, पण पुढे पोटभर मिळेल याची खात्री नाही. घाटानंतर मोबाइलला रेंज नसते. रस्ता म्हणाल तर काही ठिकाणी रस्ता आहे.

आम्ही इंडिका केली होती. ड्रायव्हर अशोकभाऊ आमच्या कॅम्पातलेच. त्यांनी बॅगा डिकीत टाकल्या, डबाही घेतला, आणि मी आत काय आहे ते सांगताच तो परत बाहेर काढला.

"डिकीत नको मॅडम. माणूस आहे ना तो. पुढे बसू दे माझ्याशेजारी."

असा केन पुढच्या सीटवर बसून निघाला. अशोकभाऊंनी त्याला बेल्टही लावला. मार्गरेटने विचारलं काय बोलले, मी सांगितलं, आणि ती नाशिकला आल्यापासून पहिल्यांदा हसली.

वाघेऱ्याच्या घाटात ती बोलायला लागली, बाहेर बघत. "आमच्याकडे मे म्हणजे पेरणी. दरवर्षी पेरणीला हा माणूस इथे. ट्रॅक्टर मी चालवायचा, मेंढ्या मी बघायच्या. विचारलं तर म्हणायचा, मी त्या बाईचं नुकसान केलंय. मग माझं नुकसान कोण बघणार होतं?"

मी पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली.

"लग्न झाल्यापासून आम्ही गरम जेवण एकत्र संपवलेलं मला आठवत नाही. वाढलं की भोंगा. शेवटी मीही ताट समोर घेऊन आधी थांबायला लागले. भोंगा होतो का ऐकायचं, मग खायचं. आणि बघ, मेल्यावरही मलाच पळायला लावलंय."

तिचा राग खरा होता आणि रडूही खरं होतं. मला केनचा राग आला, खरं सांगते. इतकी वर्षं मी त्याला देवमाणूस म्हणत होते, आणि त्या देवमाणसाच्या घरी पेरणी कोण करतंय हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

हरसूलला बाजाराचा दिवस होता. सुकट, मिरच्या, विळे, प्लास्टिकच्या बादल्या, बायकांची झुंबड. चहा घेतला. तिथल्या एका दुकानदाराच्या लँडलाइनवर मी आधीच निरोप ठेवला होता की केनची बायको येतेय. एवढाच. बाकीचं फोनवर सांगवलं नव्हतं. पुढचा रस्ता कच्चा आहे. पाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर शनिवार-रविवारी गाड्या घेऊन पोचाल, आणि तिथली माणसं कामात असतात.

पारूबाई ओट्यावर उभी होती. केस पांढरे झालेत, कंबर ताठ. तिने मार्गरेटचे दोन्ही हात धरले, मग तिला बाजूला करून गाडीत वाकून पाहिलं. पुढे पाहिलं, मागे पाहिलं.

"तो कुठं हाय?"

"पारूमावशी," मी म्हटलं, "केन गेला. आता थंडीत गेला."

ती गाडीच्या दाराला धरून उभी राहिली. मग आत गेली आणि आमच्यासाठी पाणी घेऊन आली. तांब्या हातात देताना म्हणाली, "सोमा बी गेला दोन वर्सं झाली. दोघं भेटले असतील."

नागलीची भाकरी, उडदाचं भुजं आणि ठेचा झाल्यावर आम्ही शेतावर गेलो. राब रचून तयार होता, वारा पडायची वाट बघत. पलीकडच्या टेकडीवर कुणाचा तरी राब धुमसत होता. धूर दिसताच मार्गरेट थबकली आणि तिने आधी वारा कुठला आहे ते पाहिलं. पारूबाईच्या ते लक्षात आलं. "ही बी त्याच्यासारखीच हाय," ती मला म्हणाली.

आता विचारणं भाग होतं. मार्गरेटने डबा पुढे धरला आणि मी एका दमात सांगून टाकलं. यात केनची राख आहे, ती तुमच्या राबात टाकावी अशी त्याची इच्छा होती, ही तेवढ्यासाठी इतक्या लांबून आलीय.

पारूबाईने डबा घेतला. दोन्ही हातांनी, पोटाशी. राबाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

"राबात नाय," ती म्हणाली.

मार्गरेटला मराठीचा गंध नाही, पण मान हललेली तिला दिसली. "तिने त्याला माफ केलं नाही," ती हळूच म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मला वाटलंच होतं. मी उगाच आले."

मी पारूबाईला म्हटलं, "मावशी, त्या राबाचा राग आहे का अजून?"

"कसला राग? यडी का तू?" ती माझ्यावर उखडली. "राबातलं रोप लावायचं, त्याचा भात खायचा. परक्याची राख असती तर इटाळ म्हणून नाय म्हटलं असतं. हा तर घरचा माणूस. घरच्या माणसाला खाईल का कोणी?"

मी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि मला जमेना. मार्गरेट माझ्याकडे बघत होती, अशोकभाऊ लांब जाऊन उभे राहिले. शेवटी कसंबसं सांगितलं. मार्गरेटने मला ते पुन्हा सांगायला लावलं.

मग ती बांधावर बसली आणि रडली. पारूबाई तिच्याशेजारी बसली, तिच्या पाठीवर हात ठेवून. दोघी एकमेकींच्या भाषेतलं एक अक्षरही न बोलता किती वेळ बसल्या होत्या, मी पाहिलं नाही.

शेताच्या कोपऱ्यात एक मोहाचं झाड आहे. त्याच्याखाली बांधालगत सोमाच्या नावाचा दगड उभा केलाय, शेंदूर लावलेला. पारूबाईने त्याच्याशेजारी विळ्याने माती उकरली. "सोमा हितं हाय. ह्यो बी हितंच. हितून राब दिसतो." मार्गरेटने चिकटपट्टी नखाने सोडवली, डबा उपडा केला, दोघींनी मिळून माती सारली. दगड आणायला पारूबाईने कुणाला पाठवलं नाही. ओढ्यातून स्वतः निवडून आणीन, घाई नाय, म्हणाली.

संध्याकाळी वारा पडला आणि तिने राब पेटवला. आग धुमसत, हळूहळू सरकत गेली. मार्गरेट शेवटपर्यंत कडेला उभी होती, हातात हिरवी फांदी घेऊन. एक-दोन ठिणग्या बाहेर पडल्या, त्या तिने मारल्या.

निघताना ती डबा ओट्यावर विसरली, की मुद्दाम ठेवला, माहीत नाही. गाडी सुरू झाल्यावर पारूबाई मागून तो घेऊन आली. डबा जड होता. काठोकाठ तांदूळ, लालसर, हातसडीचा. "रिकामं भांडं कसं देऊ? माझ्या राबाचा हाय, गेल्या सालचा."

परतीच्या घाटात मार्गरेट डबा मांडीवर घेऊन बसली होती. झाकणावर हात ठेवून म्हणाली, "शुभा, आता मे आला की मी कुणावर चिडायचं?"

घरी आलो तेव्हा माझ्या ओढणीला धुराचा वास येत होता. अजून येतो. मी ती धुतलेली नाही. पाड्याला जायचंय का, असं कुणी विचारलं तर मी काय सांगू? बघण्यासारखं तिथे काही नाही. एक शेत आहे, मोहाचं झाड आहे, आता एकाच्या जागी दोन दगड असतील. मी इतकी वर्षं केनच्या गोष्टी सांगत आले त्या त्याने काय दिलं याच्या होत्या. मार्गरेटने काय दिलं हे कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. पारूबाईने न विचारता डबा भरून दिला.

तांदूळ तिला नेता येणार नव्हता. त्यांच्या देशात विमानतळावर दाणा न् दाणा काढून घेतात. म्हणून जायच्या आदल्या दिवशी आम्ही तोच शिजवला. लालसर, जरा चिकट, वाफेला गोडूस वास. वर तूप. आईने तिला वाढलं आणि मार्गरेट ताट समोर घेऊन थांबली. सवयीने. मान जराशी वाकडी करून.

लांब, लष्कराच्या फायरिंग रेंजवरून तोफेचा आवाज आला. आमच्याकडे तो रोजचाच. आल्या दिवशी त्या आवाजाने ती खुर्ची मागे सारून उठली होती. आज तिने फक्त ऐकलं, आणि मग वाफाळत्या भातात बोटं घातली. बोटं पोळली, तरी थांबली नाही. गरम गरम खाल्लं तिने, ताट पुसून, आणि दुसऱ्यांदा भात मागितला.