चढ नसलेलं गाव

माझा नवरा हालन दोन वर्षांपूर्वी चेन्नईला राहायला आला, अशी आमच्या शेजाऱ्यांची समजूत आहे. माझ्या मते तो परवापरवापर्यंत आलाच नव्हता. त्याचे कपडे आले, दाढीचं सामान आलं, लोकरीचा स्वेटरही आला, जो अजून पेटीत कुजतोय. बाकीचा हालन कोटगिरीच्या पलीकडे, आमच्या कक्केहट्टीच्या उतारावर कुठेतरी मागेच राहिला होता आणि इथे मी त्याच्या रिकाम्या अंगाला दोन वेळ जेवू घालत होते.

आम्ही बडग, तिकडच्या चहाच्या डोंगरांतले लोक. आमच्या गावाला आम्ही हट्टी म्हणतो आणि कुठल्याही हट्टीतून बाहेर पडायचं म्हणजे एक तर चढायचं, नाही तर उतरायचं. हालन तिथे चहाच्या कारखान्यात पानाचं वजन करून घ्यायचा. सुट्टीच्या दिवशी तो आणि त्याचा मित्र बेल्ली सायकली खांद्यावर टाकून डोंगरमाथा गाठायचे आणि तिथून खाली सुटायचे. रस्त्याने नव्हे. रस्ता बससाठी आणि नव्या जावयांसाठी असतो, असं हालनचं म्हणणं. हे दोघे पान खुडणाऱ्या बायांच्या पायवाटेने, दगडांवरून, झाडांच्या मुळांवरून, ओढ्यातून यायचे. मळ्यातल्या बाया आधी शिव्या घालायच्या आणि मग बाजूला होऊन बघत राहायच्या. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा माझी आई म्हणाली होती, मुलगा गुणाचा आहे, फक्त मांडवात उभा करण्याआधी त्याची हाडं मोजून घ्या.

लग्नानंतर मला चेन्नईतल्या एका मोठ्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली. ती मला कुणी ताटात वाढून दिली नव्हती. घाटाखाली वसतिगृहात राहून, उकाड्यात आणि ढेकणांत रात्री काढून मी शिकले होते. हालनने एका शब्दाने नको म्हटलं नाही. कारखाना सोडला, सायकल गोणपाटात गुंडाळली आणि माझ्या मागून आला. असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, असं सगळे म्हणाले. मलाही तसंच वाटलं आणि थोडा तोराही आला.

पहिल्याच आठवड्यात रिक्षावाल्याशी त्याचं वाजलं. डोंगरातला माणूस पत्ता सांगताना उजवं-डावं करत नाही. वरचं घर, खालचं दुकान, जरा वर घे, थोडं खाली सोड, एवढ्यावर आमचं आयुष्य निघतं. हालनने रिक्षावाल्याला सांगितलं, थोडं खाली घ्या. तो म्हणाला, खाली गटार आहे, उतरणार का? हालन घरी आला तो घामाने निथळत, आणि पंख्याखाली बसून मला म्हणाला, "गिरिजी, या गावाला वर नाही आणि खाली नाही. लोक आपापल्या घरी पोचतात तरी कसे?"

मी पोट धरून हसले. तो हसला नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

चढ शोधायचा त्याने मनापासून प्रयत्न केला. विमानतळाजवळ परंगीमलै म्हणून एक टेकडी आहे. तिथे गेला आणि मी इडलीचं पीठ वाटून होईपर्यंत परतही आला. चेहरा असा, की कुणी पाहुणा म्हणून बोलावून नुसतं पाणी पाजून पाठवलं असावं. मग त्याने गिंडीकडचा मोठा उड्डाणपूल धरला. उजाडायच्या सुमाराला पुलावर चढायचं, उतरायचं, वळून पुन्हा चढायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी पोलिसाने अडवून विचारलं, काय हरवलंय? हालनने खरं ते सांगितलं, चढ हरवलाय. पोलिसाने जवळ येऊन त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि घरी जायला सांगितलं.

पण खरी शोभा झाली ती कत्तिरीत. मे महिन्यातल्या त्या दिवसांना इथले लोक कत्तिरी म्हणतात, आणि त्या दिवसांत कावळासुद्धा दुपारी सावली सोडत नाही. समुद्राच्या रस्त्याने सायकली हाणणाऱ्या इथल्या पोरांबरोबर हा गेला. त्यांच्या सायकली बारीक चाकांच्या, ह्याची टायरं जाड आणि मुद्दाम हवा कमी ठेवलेली, दगडांवर पकड राहावी म्हणून. डांबरावर दगड कुठून येणार? पोरं पुढे निघून गेली आणि हा मागे एकटा रेटत राहिला. पाण्याची बाटलीच नेली नव्हती. बाटली न्यायची असते हे आमच्या डोंगरातल्या कुणाच्या डोक्यातच येत नाही, कारण तिथे दर दोन वळणांनी झरा असतो. शहाळी विकणाऱ्या बाईने त्याला रस्त्याच्या कडेला पडलेला पाहिला, ओढून सावलीत घेतला आणि अंगावर घागर ओतली. इस्पितळात आणल्यावर मी सलाईन लावता लावता त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "मला वाटलं, पुढच्या वळणावर झरा लागेल."

पुढे त्याला सायकलींच्या एका दुकानात काम मिळालं. खोक्यातून आलेल्या नव्या सायकली जोडायच्या. डोंगरात चालवायच्या जाड चाकांच्या सायकलीही तिथे खूप खपायच्या, आणि घेणारे लोक त्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये गोल गोल फिरवायचे. हालन संध्याकाळी घरी यायचा, खोलीतल्या खुंटीवरून स्वतःची सायकल उतरवायचा आणि तेलाच्या फडक्याने साखळी पुसायचा. समुद्राचं वारं असं खारट, की दुसऱ्या दिवशी साखळी पुन्हा तांबूस. मी चिडायचे. दुरून डोंगर साजरे असं म्हणायचे, तिथे थंडीत तुझी बोटं सुजायची ते विसरलास का, असं विचारायचे. तो हो म्हणायचा आणि पुसत राहायचा. एकदा वीज गेली होती, फरशीवर पाणी शिंपडून आम्ही दोघं त्यावर आडवे पडलो होतो, तेव्हा त्याने हळूच सांगितलं की आत्ता तिकडे धुकं उतरत असेल. मी झोपेचं सोंग घेतलं. मलाही आठवण यायची, पण माझी आठवण कामाच्या रगाड्यात दबून जायची. त्याची दिवसभर उघडी असायची.

अशात मला दिवस गेले. सातव्या महिन्यात आमच्यात कण्णी असते. नवऱ्याने सासऱ्याला सगळ्यांसमोर विचारायचं, तुमच्या मुलीच्या गळ्यात दोरा घालू का? सासऱ्याने घाल म्हणायचं. मग लांबून दोरा टाकायचा, तो गळ्यात पडला की जुने लोक म्हणतात, आता लग्न पुरं झालं. तोवरचं सगळं नुसतं ठरणं. बायका त्या दिवशी मुद्दाम केसांत गंगावन खुपसून अंबाडा कलिंगडाएवढा करतात, म्हणजे दोरा अंबाड्यात अडकावा आणि नवऱ्याला दंड व्हावा.

कण्णीसाठी आम्ही कक्केहट्टीला गेलो. सायकलही आली, ते सांगायलाच नको. मेट्टुपाळयमपासून बस घाटाला लागली आणि पहिल्या गार झुळकेला हालनने खिडकीतून तोंड बाहेर काढलं. कोटगिरी येईपर्यंत आत घेतलं नाही.

घरी पोचल्यावर माझी थोरली जाऊ मासी हिने मला चुलीपाशी बोलावलं आणि गुळाची कापी, म्हणजे आमची कॉफी, हातात देत पोटातलं सांगून टाकलं. बेल्लीने आता बाहेरून फिरायला येणाऱ्या पाहुण्यांना सायकलवरून डोंगर उतरवायचा धंदा काढलाय. जोडीला माणूस हवाय, आणि त्याने हालनला कधीच विचारून ठेवलंय. राहायला मळ्यातली खोलीही आहे. हालन तुला बोलला असेलच, असं मासी म्हणाली. मी हो म्हटलं. कापी तशीच चुलीपाशी ठेवली आणि बाहेर आले.

तो अंगणात चाकात हवा भरत होता. मी जाऊन समोर उभी राहिले.

"बेल्लीला काय सांगितलंस?"

"अजून काही नाही."

"मला कधी सांगणार होतास? बारशाला?"

तो पंप ठेवून उठला. "मी ठरवलं असतं तर सांगितलं असतं, गिरिजी. उद्या सकाळी एकदा उतरून येतो. मग सांगतो."

"आणि मी? माझी नोकरी?"

"तू सोडू नयेस. तुला सोड म्हणायला माझी जीभ रेटणार नाही," तो म्हणाला. "म्हणून तर अडलंय."

म्हणजे तो वर राहणार आणि मी खाली, मध्ये एक मूल आणि रात्रीची गाडी. आमच्या हट्टीत अशी घरं नाहीत असं नाही. नवरा तिरुप्पूरला, बायको मळ्यात, सणाला भेट. पण मला तसं घर नको होतं. मला हा माणूस हवा होता, रोज, घामट आणि कुरकुरत का होईना.

कण्णीच्या दिवशी सकाळी मला न्हाऊ घालून पांढरं मुंडू नेसवलं आणि बायका अंबाड्याला लागल्या. अंगणातून समोरचा डोंगर पूर्ण दिसतो. मासी केस ओढत होती आणि मी मान तशीच ठेवून डोळ्यांनी माथा शोधत होते. मग ते दोघे दिसले, चहाच्या हिरव्यात दोन ठिपके. बेल्ली कोण आणि हालन कोण हे मला कुणी सांगावं लागलं नाही. दोन वर्षं फरशीवर पाय ओढत चालणारा माझा नवरा तिथून पाण्यासारखा येत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मासीला वाटलं, केस जोरात ओढले गेले.

तो आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता, कोपर खरचटलं होतं आणि चेहरा असा होता, जसा मी लग्नाआधी पाहिला होता. मी मनात म्हटलं, संपलं. हा आता खाली यायचा नाही. आणि मी कुठल्या तोंडाने ये म्हणू?

अंघोळ करून, पांढरा फेटा बांधून तो समोर येऊन उभा राहिला. पाहुण्यांनी दाटी केली. त्याने माझ्या बाबांना विचारलं, "मामंजी, तुमच्या मुलीच्या गळ्यात दोरा घालू का?"

बाबा म्हणाले, "घाल."

दोरा आला तो थेट अंबाड्यात अडकला. हशा पिकला. डोंगरावरून नीट येतो आणि बायकोपाशी चुकतो, असं कुणीतरी ओरडलं, दंड भर म्हणाले. मला मात्र दिसत होतं, त्याचे हात थरथरत होते. उताराच्या धक्क्यांची हातांची सवय मोडली होती. दुसऱ्यांदा त्याने दोन्ही हात एकमेकांवर घट्ट दाबले, जरा थांबला आणि टाकला. दोरा गळ्यात पडला.

जेवणावळ उठल्यावर आम्ही दोघं अंगणाच्या कडेला येऊन बसलो. खालच्या वाटेवर बेल्ली उभा होता आणि त्याच्या हातात हालनची सायकल होती. हालनने हात केला. बेल्ली सायकलवर बसला आणि उताराला लागला.

"ती कुठे नेतोय?"

"त्याला देऊन टाकली," हालन म्हणाला. "आणि येत नाही म्हणूनही सांगितलं."

मला आनंद व्हायला हवा होता. मी म्हणाले, "ठेव की तुझी तुला. नेऊ परत, मी काही बोलणार नाही."

"तिथे ती गंजते. तिच्याबरोबर मीपण. दोघांतलं एक तरी चालू राहू दे." मग म्हणाला, "उतरताना माझं डोकं रिकामं असायचं. आज अर्ध्यावर तुझं पोट डोळ्यांसमोर आलं आणि ब्रेक दाबला गेला. सपाट जागी, काही कारण नसताना. अशा माणसाने बेल्लीच्या पाहुण्यांच्या पुढे उतरू नये. आणि सायकल खुंटीवर असेपर्यंत मी चेन्नईत राहायला येणारच नाही. मूल येईल, तेव्हा मी घरात असायला हवा."

दुसरा कुणी हे बोलला असता तर मी त्याला नाटकी म्हटलं असतं. मी त्याचा हात धरला. तळव्याला सकाळचे फोड आले होते.

खाली बेल्ली पहिल्या वळणाला पोचला तशी हालनची बोटं माझ्या हातावर आवळली गेली. वळण गेलं, बोटं सुटली. पुढचं वळण आलं, पुन्हा आवळली. तो माझ्याकडे बघत नव्हता, आपण काय करतोय हे त्याला कळतही नसावं. दुखत होतं, पण मी हात सोडवला नाही. मग बेल्ली सुरूच्या झाडांत शिरला आणि दिसेनासा झाला. बोटं मात्र थांबली नाहीत.

थोड्या वेळाने मी विचारलं, "आता कुठे असेल?"

"ओढ्यात," हालन म्हणाला. त्याचे डोळे मिटलेले होते. "थांब, अजून बाहेर आला नाही."